तसबीर उतरवताना स्टूल कोणी धरायचं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या सरकारी दवाखान्याच्या प्रमुख डॉ. मिरियम हॅस्केल, व्यासपीठावर, म्हणजे या चर्चच्या तळघरात ज्याला आपण व्यासपीठ म्हणतो त्या दोन जोडलेल्या टेबलांमागे बसलेले आपल्या ड्रायफोर्कचे नगराध्यक्ष श्री. ट्रॉय विंकलर, हे तळघर आणि कॉफीचं मोठं भांडं एक पैसा न घेता आपल्या हवाली करणारे पास्टर एल्डन ग्रूव्ह, आजच्या सत्कारमूर्ती, दवाखान्याचं बाहेरचं टेबल सांभाळणाऱ्या श्रीमती वर्ना क्लिंगमन, माझे सहकारी, आणि आमच्या बाहेरच्या खोलीत वर्षानुवर्षं बसून आमच्या कॉफीला नावं ठेवणारे, तरीही तीच कॉफी पिणारे माजी सैनिक बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना माझं अभिवादन.

मला चार शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. कारण आजारपण नव्हतं, कामही नव्हतं. मी दमले आहे, एवढंच कारण होतं. या हिवाळ्यात आपण सगळे इतकं बोललो आहोत, जेवणाच्या टेबलावर, दुकानाच्या रांगेत, फोनवर, आणि बोलून बोलून इतके गप्प झालो आहोत, की आता माइक हातात घ्यायचा म्हटलं तरी खांदे दुखतात. माझे वडील आणि मी निवडणुकीपासून फक्त हवामानावर बोलतो. त्यांच्या अंगणात किती बर्फ पडला ते मला नेमकं माहीत असतं. बाकी त्यांच्याविषयी हल्ली मला फारसं काही माहीत नाही. तुमच्यापैकी किती घरांत असंच चाललंय? हात वर करू नका. मला दिसतंय.

पण वर्नाबाईंच्या निरोपाला कोणीच बोललं नाही, असं होऊ द्यायचं नव्हतं. रीतीप्रमाणे हा समारंभ वरच्या कार्यालयाने करायचा असतो. मानपत्र येतं, सूट घातलेला एक साहेब येतो, नाव चुकीचं उच्चारतो आणि जातो. वर्नाबाईंच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. का आलं नाही ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे, माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. म्हणूनच मी उभी राहिले आहे. त्यांनी मला बजावलं होतं, "पोरी, त्या दिवसाचं काही बोलू नकोस." वर्नाबाई, आजपासून तुम्ही निवृत्त आहात. तुमचा हुकूम आता चालत नाही.

तर, सुरुवात खुर्च्यांपासून करते.

मी या दवाखान्यात जखमांची नर्स म्हणून आले तेव्हा नवीन होते. बाहेरच्या खोलीत समोरासमोर खुर्च्यांच्या दोन रांगा. एका रांगेच्या वर, भिंतीवर, राष्ट्राध्यक्षांची तसबीर. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की माणसं हवी तिथे बसत नाहीत. काही जण कायम तसबिरीखाली, काही जण कायम समोर. मला वाटलं, तसबिरीखाली बसणारी ती त्या राष्ट्राध्यक्षांची माणसं. मोठ्या हुशारीने मी ते वर्नाबाईंना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उलटं आहे पोरी. तसबिरीखाली बसलं की तसबीर दिसत नाही."

नंतर निवडणूक झाली, राष्ट्राध्यक्ष बदलले, आणि एका सकाळी सगळी खोली उठून पलीकडे गेली. समोरचे खाली आले, खालचे समोर गेले. वॉकर, काठ्या, ऑक्सिजनच्या नळकांड्या, सगळं घेऊन शिस्तीत खुर्च्या बदलल्या. सैन्यातली माणसं आहेत, कवायत विसरत नाहीत.

हसलात ते बरं झालं. पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

आता वर्नाबाईंची रीत. नवीन राष्ट्राध्यक्ष शपथ घेतात त्या दिवशी दुपारी बारा वाजता जुनी तसबीर उतरवायची, हा सरकारी नियम. नवीन छापून यायला मग आठवडे लागतात, महिने लागतात. तोवर भिंतीवर एक खिळा आणि एक फिकट चौकोन. उतरवायची कोणी, हे नियमात कुठे नाही. ते वर्नाबाईंनी ठरवलं. फार पूर्वी एकदा जिंकलेल्या बाजूच्या एका गृहस्थाने तसबीर खेचून काढली आणि कचऱ्याच्या डब्याशेजारी उलटी ठेवली. तो दिवस हाणामारीत गेला. तेव्हापासून त्यांचा कायदा असा, की ज्याला वाईट वाटतंय त्याने आपल्या हाताने उतरवायची, आणि ज्याला आनंद झालाय त्याने खाली स्टूल धरायचं. नवीन लावताना उलट. ज्याला आनंद झालाय तो चढणार, ज्याला वाईट वाटतंय तो धरणार. आमचं स्टूल एका पायाने जरा कमी आहे. धरलं नाही तर माणूस पडतो.

वर्नाबाई स्वतः कोणत्या बाजूच्या? आजवर कोणालाच कळलेलं नाही. पहिल्या ओळीत हॅरल्ड बसलेत, त्यांचे यजमान. ते म्हणतात, "चाळीस वर्षं एका पलंगावर झोपतोय, मलाही माहीत नाही."

ही चढण्या-धरण्याची जोडी गेले कित्येक बदल एकच होती. बर्ल स्टॅम्पर आणि क्लीट ओझबर्न. दोघंही इथेच आहेत. बर्लकाका खिडकीजवळ, क्लीटकाका केकजवळ. एकाच बसमधून सैन्यात गेले, परत आल्यावर शेजारीशेजारी शेती केली, आणि मत देण्याचं वय आल्यापासून उलट मत देऊन एकमेकांचं मत रद्द करत आले. बर्लकाकांच्या पायातली जाणीव मधुमेहाने गेली. ब्रेक पायाला कळेना, तेव्हा त्यांनी गाडी चालवणं सोडलं. मग आठवड्यातून दोनदा क्लीटकाका त्यांना आपल्या पिकअपमधून मलमपट्टीला आणायचे. एका गाडीतून यायचे आणि दोन रांगांत बसायचे. गाडीत रेडिओ लावायचा नाही, असा दोघांचा करार होता.

करारात शिट्टीचा उल्लेख नव्हता.

निवडणुकीनंतरच्या आठवड्यात परत जाताना क्लीटकाका शीळ घालत होते. जिंकले होते ना. बर्लकाका म्हणाले, बंद कर. क्लीटकाका म्हणाले, गाडी माझी, तोंड माझं. बर्लकाका म्हणाले, मग थांबव. चारा-खताच्या दुकानाच्या वळणावर ते उतरले आणि उरलेला रस्ता चालत गेले. मी ज्या पायावर महिनोन् महिने पट्ट्या बांधत होते, ज्या पायाने एक मैलही चालू नये असं मी ओरडून सांगितलं होतं, त्याच पायावर.

माझ्या रुग्णाचं मी चारचौघांत कसं सांगते, असं डॉ. हॅस्केल यांच्या चेहऱ्यावर दिसतंय. मॅडम, मी परवानगी घेतली आहे. बर्लकाका म्हणाले, "पायाचं सांग. बोटांचं सांगू नकोस."

त्यानंतर ते आलेच नाहीत. नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंग गेलं, नाताळ गेला. वर्नाबाई फोन करायच्या, ते म्हणायचे, मस्त भरतेय जखम. मुलगी टेक्ससमध्ये, तिलाही तेच सांगायचे. आमची रुग्णांना आणणारी गाडी चालकाविना उभी होती, ती अजून उभीच आहे, नगराध्यक्षसाहेब, जाता जाता सांगते. मी एकदा त्यांच्या घरी गेले. बाहेरचं जाळीचं दार न उघडताच बोलले. पायात बूट होता. "नर्सबाई, बर्फ वाढायच्या आत घरी जा," म्हणाले. तो बूट घरातल्या घरात का घातलाय, हे मला कळत होतं. दार तोडून आत जायचा अधिकार मला नव्हता. इकडे वर्नाबाईंनी क्लीटकाकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, त्याने बोलावलं तर जाईन. बर्लकाका म्हणाले, तो आला तर बसेन. दोन म्हातारे, मध्ये एक कुंपण, आणि कुंपणाच्या एका बाजूला सडत चाललेला पाय. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. या हिवाळ्यात बरोबर असलेली माणसं मी इतकी पाहिली, की एखादं चुकलेलं माणूस भेटलं असतं तर त्याच्या गळ्यात पडून रडले असते.

मग तो दिवस आला.

सकाळी वर्नाबाईंनी क्लीटकाकांना फोन केला. मी शेजारी हातमोजे मोजत होते, म्हणून एका बाजूचं ऐकलं. दुसरी बाजू मागाहून क्लीटकाकांनी सांगितली.

"क्लीट, बारा वाजता तसबीर उतरवायची आहे. स्टूल धरायला ये."

"दुसरं कोणीही धरेल."

"धरेल ना. पण उतरवणार कोण? पाळी बर्लची आहे."

"मग त्याला आणा."

"आणायला गाडी कोणाकडे आहे?"

वर्नाबाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "मोजे परत मोज, चुकलीस."

बारा वाजले. खोली भरलेली. टीव्हीवर शपथविधी, मग भाषण. भाषणात एकता हा शब्द आला. दर वेळी येतो. वर्नाबाई एकदा म्हणाल्या होत्या, "हा शब्द आला की मी स्टूल काढते." त्या दिवशी त्यांनी स्टूल काढलं, खिळ्याखाली ठेवलं, आणि परत आपल्या टेबलामागे जाऊन बसल्या. साडेबारा झाले. तसबीर तिथेच. जिंकलेल्या बाजूचे कुजबुजायला लागले. हरलेल्या बाजूच्या एकाने टाळी वाजवली. वर्नाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरी टाळी वाजलीच नाही. कोणीतरी फोन काढून तसबिरीचा फोटो घेतला, घड्याळासकट. आणि बघता बघता तो इंटरनेटवरच्या गावाच्या पानावर गेला. खाली ओळ, "सरकारी दवाखान्यात अजून जुनाच राष्ट्राध्यक्ष." पुढे काय काय लिहिलं गेलं ते मी या तळघरात, वर चर्च असताना, वाचून दाखवणार नाही. अर्ध्या गावाने त्यांना देशद्रोही म्हटलं. उरलेल्या अर्ध्याने शूर म्हटलं. बंधू-भगिनींनो, दोन्ही अर्धी चुकली. त्या बाईच्या मनात तसबीर नव्हतीच. पाय होता.

ज्या कोणी तो फोटो काढला, तक्रार वर पाठवली, ते बहुधा इथेच बसले आहेत. मला नाव माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. केकचा दुसरा तुकडा जरूर घ्या. कारण तुमच्याच फोटोने काम केलं. तो फोटो क्लीटकाकांच्या सुनेने त्यांना दाखवला.

क्लीटकाका भडकले. ते भडकून दवाखान्यात तसबीर ओढून काढायला आले असते, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण माणूस नियमाचा. पाळी बर्लची आहे म्हणजे बर्लची आहे. त्यांनी पिकअप काढली, कुंपणाला वळसा घालून गेले, आणि ज्या दारापुढे मी हात जोडून उभी राहिले होते ते दार लाथेने वाजवून म्हणाले, "बर्ल, चल. तुझा माणूस तूच उतरव. मला त्याला हात लावायचा नाही."

दार उघडलं. बर्लकाका बाहेर आले ते भिंतीला धरून. क्लीटकाका सांगतात, वास दारातच आला. सैन्यातून आल्यापासून तो वास त्यांनी घेतला नव्हता, पण विसरलेही नव्हते. पुढे गाडीत रेडिओ नव्हता. शीळही नव्हती.

दुपारी दीडच्या सुमाराला दार उघडलं आणि क्लीटकाका त्यांना जवळजवळ उचलूनच घेऊन आत आले. मी चाकाची खुर्ची घेऊन धावले, सरळ आत न्यायला निघाले. बर्लकाकांनी चाक धरून ठेवलं. "आधी ते," म्हणाले आणि स्टूलकडे बोट केलं. मी वर्नाबाईंकडे पाहिलं. मला वाटलं त्या म्हणतील, राहू दे, पाय महत्त्वाचा. त्यांनी उठून स्टूल खिळ्याखाली नीट सरकवलं. त्यांनी बर्लकाकांना बरोबर ओळखलं होतं. ते काम झाल्याशिवाय हा माणूस बूट काढू देणार नाही.

बर्लकाकांनी एक पाय स्टूलवर ठेवला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खोलीत दोन्ही रांगा उभ्या होत्या. कधी उठल्या कोणाला कळलं नाही.

क्लीटकाका म्हणाले, "उतर. तुला जमणार नाही."

"मग कोण? तू?"

"मी चढतो. तू धर."

"तुला त्याला हात लावायचा नव्हता."

"तुझ्यासाठी लावतो. बस खाली, मूर्खा."

बर्लकाका चाकाच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. आखूड पायाची बाजू त्यांना माहीत होती, तिकडेच धरलं. आणि क्लीटकाका चढले. ज्या माणसाला त्यांनी चार वर्षं शिव्या घातल्या, ज्याच्या तसबिरीखाली चार वर्षं पाठ करून बसले, त्याची तसबीर त्यांनी खिळ्यावरून काढली. मी त्यांचे हात पाहत होते. काचेवर धूळ होती. ती त्यांनी आपल्या बाहीने पुसली. मग खाली वाकून तसबीर बर्लकाकांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "घे. सांभाळून."

बर्लकाका त्या काचेकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "ने आता."

आत नेऊन मी बूट कापून काढला. त्याविषयी एवढंच सांगते, की आणखी तीन-चार दिवस गेले असते तर मी आज पायाचं नाही, बर्लकाकाच गेल्याचं सांगत असते. त्यांना तडक मोठ्या रुग्णालयात हलवलं. पाय वाचला. दोन बोटं गेली. अरेच्चा. बोलले मी बोटांचं. माफ करा काका.

रुग्णवाहिकेत चढवताना क्लीटकाका शेजारी टोपी चुरगाळत उभे होते. बर्लकाका त्यांना म्हणाले, "शीळ घातलीस तरी चालेल रे. पण सुरात घाल." एवढंच. कोणी कोणाची माफी मागितली नाही, कोणी कोणाचं मत बदललं नाही. आजही दोघं पुढच्या निवडणुकीत एकमेकांचं मत रद्द करायला तयार बसलेत.

आणि वर्नाबाई? त्यांना वरून विचारणा आली, नियमाची वेळ का चुकली. त्यांनी उत्तर दिलं, सुरक्षेच्या नियमानुसार एकट्याने स्टूलवर चढता येत नाही आणि धरायची पाळी ज्याची तो माणूस आलेला नव्हता. शब्द न् शब्द खरा. बर्लकाकांचं नाव त्यांनी घेतलं नाही, कारण रुग्णाचं नाव घ्यायचं नसतं. डॉ. हॅस्केल मध्ये पडल्या, म्हणून प्रकरण ताकीद देण्यावर थांबलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिली ताकीद, तीही शेवटच्या वर्षी. मानपत्र गेलं, साहेब गेला. गावात दुकानात गेल्या की लोक बोलायचे थांबायचे. त्या गप्प राहिल्या. मी एकदा न राहवून विचारलं, "तुम्ही सांगत का नाही?" तर म्हणाल्या, "सांगितलं तर बर्लला वाटेल त्याच्या पायाने माझं नाव गेलं. त्या पायावर आधीच पुष्कळ ओझं आहे."

म्हणून आज मी सांगितलं. बर्लकाका, ओझं घेऊ नका. तुमच्या पायाने कोणाचं नाव गेलं नाही. आमच्या तोंडांनी गेलं होतं. आज तेवढं परत द्यायचं आहे.

देश एक आहे का, एक राहील का, असं मला हल्ली माझी मुलगी विचारते. शाळेत निबंध असतो. मी तिला काय सांगणार? मी जखमा बांधते. मला एवढंच माहीत आहे की जखम वरून शिवली आणि आत घाण राहिली तर ती फसवते. आणि उघडी ठेवून रोज कोणीतरी बांधायला आलं, तर वेळ लागतो, वास येतो, कंटाळा येतो, पण भरते. रोज यावं लागतं. बर्लकाका, हे तुम्हाला आहे. मंगळवारी आला नाहीत.

असो. वर्नाबाईंचं टेबल मला देऊ केलं होतं. मी नाही म्हटलं. तेवढी माझी छाती नाही. पण स्टूल मी मागून घेतलं. त्यांनी दिलं. सुताराला दाखवून पाय नीट करून घेते म्हटलं, तर म्हणाल्या, "अजिबात नाही. नीट केलंस तर कोणी धरणार नाही."

नवीन तसबीर काल आली. खोक्यातच आहे. भिंतीवर फिकट चौकोन आहे तोवर खोलीत माणसं कुठेही बसतात, हे तुम्ही पाहिलंत का? तसबीर लागली की पुन्हा दोन रांगा होणार. मला त्याचं वाईट वाटतं. पण लावायची तर आहेच. उद्या सकाळी दवाखाना उघडला की लावू. पाळीप्रमाणे क्लीटकाका चढतील आणि बर्लकाका धरतील. पुढच्या वेळी ही दोघं असतील का, मला माहीत नाही. म्हणून उद्या ज्यांना जमेल त्यांनी या, दोन्ही रांगांमधून या, आणि कोणती बाजू आखूड आहे ते त्यांच्याकडून शिकून घ्या.

आता आभार. तळघराबद्दल पास्टरांचे, ओव्हनमध्ये भाजलेल्या बीन्सच्या तीनही कॅसरोलबद्दल ज्या तिघींनी एकमेकींना न विचारता त्याच केल्या त्यांचे, हॅमबद्दल क्लीटकाकांच्या सुनेचे, आणि इतका वेळ हॅम थंड होऊ दिल्याबद्दल तुम्हा सर्वांचे. कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचं नको तिथे आलं असेल, बर्लकाकांच्या बोटांसकट, तर तो दमलेल्या बाईच्या जिभेचा दोष समजा आणि मोठ्या मनाने सोडून द्या.

वर्नाबाई, उद्या तुम्ही येऊ नका. घरी बसा, हॅरल्डसाठी सावकाश कॉफी करा. काळजी करू नका. स्टूल धरलेलं असेल.